कोरकू बोलणारा शिक्षक कुठून मिळेल?

पत्र

नमस्कार मॅडम,

मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका आहे. पहिली ते पाचवी, पट ५२, बहुतेक मुलं कोरकू घरांतली, आणि शिक्षक आम्ही दोघे. माझं माहेर अचलपूरकडचं. इतक्या वर्षांत मी बाजारापुरती कोरकू शिकले, पण तेवढ्यावर वर्ग चालत नाही. मागच्या वर्षी पवित्र पोर्टलमधून, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून, लातूर जिल्ह्यातले एक तरुण सर शिक्षण सेवक म्हणून आले. मेहनती आहेत, पण पहिलीचा वर्ग त्यांच्यासमोर मुका बसतो. ते दर वाक्याला माझ्याकडे नाहीतर चौथीतल्या एखाद्या मुलीकडे बघतात, मग आम्ही कोरकूत सांगतो. गावातली एक मुलगी, बारावी झालेली, हौसेने रोज दोन तास येऊन बसते. ती आली की वर्ग बोलायला लागतो. पण तिला आम्ही काही देऊ शकत नाही, आणि तिचे वडील आता विचारतात, "हिचं पुढे काय?"

शाळा व्यवस्थापन समितीत मी कोरकूचा विषय काढला तर पालक म्हणाले, "कोरकू तं घरी आहेच मॅडम, तुम्ही मराठी अन् इंग्रजी शिकवा." वर्गात तीन-चार मुलं गवळी आणि बलाई घरांतलीही आहेत, त्यांना कोरकू येतच नाही. वरून निपुणचे, म्हणजे तिसरीपर्यंत वाचन-गणित पक्कं करण्याच्या सरकारी अभियानाचे, अहवाल भरायचे असतात.

माझे प्रश्न असे. कोरकू येणारा शिक्षक मिळावा म्हणून मी कोणाकडे अर्ज करू? सरांना कोरकू शिकवण्यात अर्थ आहे का, की ते बदली होऊन जातीलच? त्या मुलीने काय करावं? आणि एक छोटं: वर्गाच्या भिंतीवर कोरकू शब्द रंगवले तर चालतात का? कोणी म्हणतं, परवानगी लागते.

(नाव-गाव छापू नये)

उत्तर

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे, म्हणून तेच आधी सांगते. आजच्या भरतीत "कोरकू येणारा शिक्षक द्या" असा अर्ज करायला खिडकीच नाही. उमेदवाराने डी.एल.एड. ही शिक्षक पदविका करायची, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायची, मग अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, २०० गुणांची. त्या गुणांवर पवित्र पोर्टल यादी लावतं. त्यात शाळेचं माध्यम बघतात. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, कन्नड ही माध्यमं आहेत, त्यामुळे त्या शाळांना त्या भाषेचा शिक्षक मिळतो. कोरकू हे कुठल्याच शाळेचं माध्यम नाही. कागदावर तुमची शाळा मराठी माध्यमाची आहे, मराठी येणारा शिक्षक तिला मिळाला आहे, आणि संगणकाच्या दृष्टीने मामला मिटला आहे. खासगी संस्थांच्या पदांना निदान मुलाखतीचा पर्याय असतो. जिल्हा परिषदेच्या पदांना तोही नाही. लातूरच्या सरांना मेळघाटात येण्याआधी एकाही माणसाने विचारलं नसेल की पहिलीच्या पोराशी तुम्ही बोलणार कसे.

पेसाची, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रांच्या पंचायत कायद्याखालच्या भागातली, भरती हा दुसरा रस्ता होता. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकासह काही पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनाच द्यायची ठरली. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके त्यात येतात. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आंध्र प्रदेशातलं अशाच पदांचं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं, आणि तेव्हापासून आपल्याकडची पेसा भरतीही कोर्टकचेऱ्या, आंदोलनं आणि मानधनावरच्या नेमणुका यांत अडकत राहिली. शिवाय त्या अधिसूचनेत "स्थानिक" कोण, तर जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील, आजी-आजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात राहत आले आहेत तो. म्हणजे अट राहण्याची आहे, बोलण्याची नाही. मेळघाटात दोन्ही बऱ्यापैकी जुळतं, म्हणून हा फरक आपल्या लक्षात येत नाही. नंदुरबारात भिली बोलणारा शिक्षक पावरी बोलणाऱ्या गावात गेला की लक्षात येतो.

आता तुमच्या हाती काय आहे ते बघू. गंमत अशी की ज्या अटीसाठी तुम्ही तळमळता ती सरकारने एका ठिकाणी आधीच घातलेली आहे, आणि तीही तुमच्या शाळेच्या शेजारच्याच खोलीत! अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या भरतीच्या २०२३ च्या शासन निर्णयात म्हटलं आहे की केंद्रातली ५० टक्क्यांहून जास्त मुलं मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील, तर ती भाषा येणारी उमेदवार हवी. उदाहरणादाखल ज्या भाषा दिल्या आहेत त्यांत गोंडी, पावरी यांच्याबरोबर कोरकूही आहे. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला त्याची भाषा कळणारी बाई लागते हे सरकारला मान्य आहे. तेच मूल सहा वर्षांचं होऊन भिंतीपलीकडे पहिलीत बसलं की मात्र लागत नाही. ही विसंगती तुमच्या ठरावात पहिल्या ओळीत घाला.

ठराव शाळा व्यवस्थापन समितीचा हवा. तुमच्या एकटीच्या सहीचा अर्ज म्हणजे "मॅडमची तक्रार" होते. समितीत पाऊणभाग पालक असतात, त्यामुळे तिचा ठराव ही गावाची मागणी होते. त्यात दोन आधार पुरे आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९(२)(च): शिकवण्याचं माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, परिच्छेद ५.४: शिक्षक निवडताना मुलाखत किंवा वर्गातला प्रत्यक्ष पाठ घ्यावा, त्यातून स्थानिक भाषेत शिकवण्याची तयारी तपासावी, म्हणजे प्रत्येक शाळेत किंवा शाळासमूहात मुलांच्या घरच्या भाषेत बोलू शकणारे काही शिक्षक तरी असतील. संविधानाचं कलम ३५० क, म्हणजे प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करण्याचं कलम, सगळे जण जोडतात, तुम्हीही जोडा. पण साहेब लोक ते वाचून मान डोलावतात आणि फाईल खाली ठेवतात, असा माझा अनुभव. नेमकी आणि त्यांच्या अधिकारातली मागणी असली तर फाईल हलते.

ती मागणी नव्या भरतीची करू नका. निवड झालेल्या शिक्षकांना शाळा देताना जिल्हा परिषद समुपदेशन करते, तिथे करा. अमरावती जिल्ह्यात कोरकू घरातले शिक्षक मुळीच नाहीत असं थोडंच आहे? त्यातले काही दर्यापूर, अंजनगावकडच्या शाळांत असतील. त्यांना मेळघाटात रेटून आणा असं मी म्हणणार नाही. एखाद्याने घाम गाळून मेळघाटाबाहेर घर केलं, पोरं शहरात शिकायला घातली, तर त्याची जात आणि भाषा बघून त्याला परत डोंगरावर पाठवणं हा न्याय नव्हे. पण ज्यांना यायचं आहे त्यांना आधी शाळा निवडू द्या, एवढं तर मागता येतं. त्यासाठी आधी यादी लागते. गटशिक्षणाधिकाऱ्यांना सांगा की पुढच्या तालुका बैठकीत साधा तक्ता भरून घ्या: कोणाला कोरकू बोलता येते, कोणाला नुसती समजते, कोणाला येत नाही. अशा यादीला वरून परवानगी लागत नाही. आणि ती झाली की वरच्यांना आकडा दिसतो, तोंडी तक्रारीपेक्षा आकड्याचं ऐकतात.

"सर जातीलच" ही तुमची शंका खरी आहे. २०१७ च्या बदली धोरणापासून अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की शिक्षक बदलीचा हक्कदार होतो. शिक्षण सेवकाचा काळही तीन वर्षांचाच. तिसऱ्या वर्षी त्याला मुलांचं बोलणं जरा कुठे समजायला लागतं, आणि तेवढ्यात बदलीचा अर्ज उघडतो. म्हणून मी तर म्हणेन की सरांना शिकवण्याची घाई करा. अजून दोन वर्षं ते तुमच्याकडे आहेत. दोन वर्षांत पहिलीच्या दोन तुकड्या त्यांच्या हातून जातील.

पण काय शिकवायचं? सरांना कोरकूत भाषण करायचं नाही. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, तिचे नातलग संथाली, मुंडारी. मराठीवरून तिचा अंदाज लागत नाही. वारली किंवा अहिराणी मुलांच्या वर्गात मराठी शिक्षक निम्मं ताडून नेतो, इथे ते जमत नाही. म्हणून आधी कान तयार करायचा. रोजचे हुकूम, शरीराचे अवयव, जंगलातल्या आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू, नातेवाईक, रडण्या-दुखण्याचे शब्द, "मला समजलं नाही" हे वाक्य. असे दोनेकशे शब्द पहिल्या सहामाहीत. शिकवणारी कोण, तर चौथी-पाचवीची मुलं. दुपारी दहा मिनिटं ती गुरुजींचे गुरुजी होतात, आणि त्यांना ते फार आवडतं.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मुलांच्या चुका वाचायला शिकणं. कोरकूत नामाला पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी मराठीसारखी वाटणी नाही. तिथला भेद सजीव-निर्जीव असा आहे. त्यामुळे "तो चिमणी आला" म्हणणारं पोर मंद नसतं, त्याच्या भाषेत हा प्रश्नच नसतो. लिंग हे त्याला मराठीत नव्याने शिकायचं आहे, आपल्याला जर्मन शिकताना शिकावं लागेल तसंच. उलट वचनं कोरकूत तीन आहेत: एक, दोन, आणि त्याहून अधिक. म्हणजे "दोघं" आणि "पुष्कळ" यांतला फरक ते मूल आपल्यापेक्षा बारकाईने करतं. आणि एका बाबतीत सरांचं काम सोपं आहे. ऐकणाऱ्याला धरून "आपण" आणि त्याला वगळून "आम्ही" हा फरक कोरकूतही आहे. हिंदीवाल्या शिक्षकाला तो समजावून सांगावा लागतो, मराठी माणसाच्या तो तोंडातच असतो. एवढं कळलेला शिक्षक वही तपासताना लाल रेघ जरा थांबून मारतो.

आता तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट. सर मराठीत वाक्य बोलतात आणि लगेच कोणीतरी त्याचं कोरकू करतं. हे बंद करा. वाटतं की दोन्ही भाषा चालल्या आहेत, पण घडतं उलटं. मुलांना कळून चुकतं की मराठी ऐकायची गरजच नाही, क्षणभर थांबलं की कोरकूत येणारच आहे. त्यामुळे मराठी कानावरून जाते, आणि कोरकूही दुभाषाची तुटक कोरकू होते, तिच्यात गोष्ट रंगत नाही. जगभर द्विभाषिक वर्गांत काम केलेले लोक या ओळीमागून ओळ भाषांतराबद्दल सावध करतात. माझंही मत तेच आहे, आणि या एका बाबतीत मी हट्टी आहे.

त्याऐवजी दिवसाचे तुकडे पाडा. सकाळचा पाऊण तास पूर्ण कोरकूचा: गप्पा, काल काय झालं, गोष्ट, गाणं. ती मुलगी असेल तेव्हा तिच्याकडे द्या, नसेल तेव्हा पाचवीचा एखादा गोष्टीवेल्हाळ पोरगा उभा करा. सर तिथे बसून ऐकतील. गणितातली नवी कल्पना आधी कोरकूत. चिंचोके मांडून मिया, बारी असं मोजू द्या. हातचा म्हणजे काय हे एकदा डोक्यात बसलं की त्याला मराठीत नाव द्यायला एक दिवस पुरतो. उलट क्रमाने गेलात तर नाव पाठ होतं आणि हातचा कळत नाही. मराठीचा तास वेगळा, आणि त्यात पूर्ण मराठी: कृती, चित्रं, खऱ्या वस्तू, छोटी वाक्यं, तीच तीच. हा तास सरांचा, आणि इथे लातूरची मराठी ऐकायला मिळणं हा मुलांचा फायदाच आहे. मुलांनी मात्र कुठल्याही तासाला कुठल्याही भाषेत उत्तर द्यावं, मिसळून द्यावं, टोकू नका. शिस्त मोठ्यांच्या बोलण्याला लावायची.

तुमच्या गवळी-बलाई मुलांची अडचणही याच मांडणीत सुटते. सकाळच्या तासाला ती कोरकू ऐकतील, शेजाऱ्याच्या खेळात निम्मी शिकलेलीच असतात. मराठीच्या तासाला सगळे एका रेघेवर येतात. त्यांच्या घरच्या बोलीतली एखादी गोष्ट आठवड्यातून एकदा होऊ द्या. एका वर्गात तीन भाषा असणं मेळघाटात जुनंच आहे, धारणीच्या बाजारात एकेक माणूस चार बोलतो.

हे किती दिवस चालवायचं, असं केंद्रप्रमुख विचारतील. त्यांना टोरांटोच्या जिम कमिन्स यांचं काम सांगा. त्यांनी १९७९ मध्ये खेळण्या-बोलण्याची भाषा आणि पुस्तकी अभ्यासाची भाषा यांत फरक केला. स्थलांतरितांच्या मुलांना नव्या भाषेत गप्पा मारायला साधारण दोन वर्षं लागतात, पण त्याच भाषेत धडा समजून विचार मांडायला पाच ते सात. आपण काय करतो? दुसरीतलं पोर मराठीत फडाफडा बोललं की म्हणतो, झालं, आता घरच्या भाषेची गरज नाही. मग चौथीत ते परिसर अभ्यासात अडकतं, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. शैक्षणिक धोरणात पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे तो याच कारणाने. निपुणची तिसरीपर्यंतची उद्दिष्टं याच्या आड येत नाहीत. अर्थ कळून वाचणं हेच तर त्यात मोजायचं आहे, आणि ज्या भाषेचा अर्थ कळतो तिच्यात ते आधी येतं.

आता ती मुलगी. ताई, तिला फुकट राबवू नका. तुमचा हेतू चांगला आहे हे मला ठाऊक आहे, पण मी अशा मुली पाहिल्या आहेत. चार वर्षं शाळेत "मदत" करतात, गावात सगळे त्यांना मॅडम म्हणतात, आणि मग पात्रता नाही म्हणून नव्याने नेमलेल्या माणसासाठी खुर्ची पुसतात. तिला पुढच्याच प्रवेशफेरीत डी.एल.एड.ला घाला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, आणि वसतिगृहासाठी धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वडिलांनाच घेऊन जा. त्यांनी एकदा ते कार्यालय आतून पाहिलं की पुढची दोन वर्षं तिचे अर्धे हेलपाटे वाचतात. जातवैधतेची कागदपत्रं आजपासून जमवायला लागा, ऐन वेळी तीच आडवी येतात.

तिला खरं चित्रही सांगा. टीईटीच्या पहिल्या पेपरला १५० गुण, त्यातले ६० दोन भाषांचे, पण त्या भाषांत कोरकू नाही. वर्ग जिच्यामुळे बोलता झाला ती तिची भाषा तिथे शून्य गुणांची. आणि टीईटीचा निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत लागतो. त्यामुळे मराठी आणि गणित यांची तयारी डी.एल.एड.च्या पहिल्या दिवसापासून हवी, आणि इथे लातूरच्या सरांचा खरा उपयोग आहे. ते ही परीक्षा पास होऊन आलेले आहेत! त्यांनी सुट्टीच्या दिवशी तिला दोन तास टीईटीचं शिकवावं, तिने त्यांना कोरकू. देवाणघेवाण सरळ असली की कोणी कोणाचं मिंधं राहत नाही.

डी.एल.एड.मध्ये किमान २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता असते. तिच्या अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्यांना आत्ताच पत्र लिहून ठेवा की तिचा काही काळ तुमच्या शाळेत व्हावा. कारण कोरकू येणं आणि कोरकू मुलांना शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी अध्यापक विद्यालयात शिकवत असताना आदिवासी घरांतल्या विद्यार्थ्यांचे सराव पाठ बघायचे. बाहेर झाडाखाली मुलांशी त्यांच्या बोलीत खिदळणारा मुलगा फळ्यासमोर उभा राहिला की एकदम पुस्तकी मराठीत शिरायचा, आणि ज्या मुलांशी आत्ताच हसत होता त्यांनाच "मराठीत बोला" म्हणून दटवायचा. त्याचं काय चुकलं? आश्रमशाळेत त्याला असंच शिकवलेलं. शिकलेला माणूस म्हणजे आपली बोली वर्गाबाहेर ठेवणारा, हे त्याच्या मनात खोल रुतलेलं. अशा शिक्षकाला घरची भाषा फळ्यावर आणायची मुभा द्यावी लागते, आणि मुभेबरोबर पद्धतही: गोष्ट कशी सांगायची, त्यातलं वाक्य फळ्यावर कसं लिहायचं, त्यातून अक्षर कसं काढायचं, मराठीकडे कधी वळायचं. आपल्या डी.एल.एड.मध्ये हे कोणी शिकवत नाही. तुमच्या शाळेत ते ती करून शिकेल.

ओडिशाने २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, पुढे भाषा वाढत वाढत एकवीस झाल्या. त्यांचा धडा माझ्या मते एकच घेण्यासारखा: पुस्तकं आणि शिक्षक एकदमच तयार केले. त्या समाजातली माणसं शाळेत घेतली, त्यांच्याकडूनच गोष्टी-गाणी जमवून पुस्तकं केली, आणि त्यांनाच ती शिकवायला लावली. तिथेही अडचणी पुष्कळ आल्या, सगळं आलबेल नाही. पण "आधी शिक्षक मिळू दे, मग पुस्तक बघू" असं म्हणत ते बसले नाहीत. आपल्याकडे गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली, आणि पुढे ती मान्यतेच्या वादात सापडली. तुमची शाळा जिल्हा परिषदेची आहे, तिला मान्यतेची भीती नाही. हा फायदा कमी समजू नका.

मुलीच्या मानधनाचं म्हणाल तर एक वाट आहे. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो ज्या कामांवर खर्चायचा त्यांत आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण हे एक शीर्ष आहे. ग्रामसभेत तिच्या नावाने नव्हे, "पहिली-दुसरीसाठी कोरकू भाषामित्र" या कामाच्या नावाने ठराव मांडा, म्हणजे ती डी.एल.एड.ला गेली तरी काम बंद पडणार नाही, दुसरी कोणी येईल. ग्रामसेवकांशी आधी बसून खर्चाची चौकट बघून घ्या, नाहीतर लेखापरीक्षणात सरपंचावर येतं आणि पुन्हा कोणी शाळेसाठी हात वर करत नाही. अंगणवाडीत जागा निघाली तर बारावी पास, स्थानिक, कोरकू येणारी म्हणून ती तिथेही बसते. पण तिथे कायम मानधनावरच राहावं लागतं आणि बढती अवघड. तिचं मन शाळेत असेल तर मी तिला आधी डी.एल.एड. सांगेन. निर्णय तिचा, वडिलांचाही नाही आणि तुमचाही नाही.

पालकांचं राहिलं. "कोरकू घरी आहेच" हे म्हणणं अडाणीपणाचं नाही. त्यांना ठाऊक आहे की कचेरीत मराठी लागते, बुऱ्हाणपूर-खंडव्याकडे कामाला गेलं की हिंदी, आणि मोबाईलवर इंग्रजी. कोरकूने कोणाला नोकरी लागलेली त्यांनी पाहिलेली नाही. त्यांच्यापुढे "आपली संस्कृती जपा" असं भाषण करू नका. ज्यांची स्वतःची मुलं परतवाड्याच्या इंग्रजी शाळेत आहेत त्यांनी तर मुळीच करू नये. त्यांना करून दाखवा. कोरकू देवनागरीतच लिहितात, म्हणजे कोरकूतून अक्षर ओळखायला शिकलेलं पोर मराठीचीच अक्षरं शिकत असतं, वेगळं काही करावं लागत नाही. दिवाळीपर्यंत पहिलीच्या पाच मुलांना स्वतः सांगितलेली चार वाक्यं वाचता येऊ द्या, आणि पालकसभेत तीच वाचायला लावा. शेजारी मराठीची दोन वाक्यंही. सभेला आयांना बोलवा, बाप बहुतेक कामावर असतात आणि पोराचा अभ्यास कोण बघतं हे तुम्हाला माहीत आहे.

वाचायला साहित्य कुठून? प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर कोरकूत गोष्टी आहेत, फुकट उतरवून घेता येतात. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला आणि अमरावतीच्या डाएटला, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, पत्र टाका. पण बाहेरून आलेल्या पुस्तकातली कोरकू तुमच्या गावापेक्षा थोडी वेगळी निघेल. मध्य प्रदेशातल्या बैतूलकडची वेगळी, तुमची वेगळी. मुलं हसतील, हसू द्या, आणि "आपल्याकडे कसं म्हणतात?" विचारून शेजारी लिहून घ्या. बाकी पुस्तकं गावातच निघतात: आजीने सांगितलेली गोष्ट, मुलांची चित्रं, सुतळीने शिवलेली पानं.

भिंतीचं म्हणाल, तर असल्या परवानगीचा नियम माझ्या माहितीत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या ४.११ परिच्छेदात शिक्षकांनी दोन भाषांतलं साहित्य वापरावं असं उत्तेजनच दिलं आहे. रंगाचा खर्च संयुक्त शाळा अनुदानातून करा आणि समितीच्या इतिवृत्तात नोंदवा. फक्त रंगाऱ्याला शब्द देण्याआधी ते गावातल्या तीन-चार म्हाताऱ्यांना वाचून दाखवा, त्यांच्यात एकमत होईपर्यंत खडूनेच लिहून ठेवा.